चाक कोणाच्या हातात?

संघटनेच्या बैठकीत मुलांच्या खेळण्यांचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, इथं बायांच्या पोटाचे प्रश्न सुटेनात, आणि तुम्ही भिंगऱ्या काय करत बसलात?" हा प्रश्न चुकीचा आहे असे मला वाटत नाही. आमचा पाटोदा तालुका बालाघाटच्या पठारावरचा. मांजरा नदी इथे उगम पावते, पण आमच्या वाट्याला येतो तो माळ, बरड जमीन आणि दसरा-दिवाळी झाली की माणसे भरून ऊसतोडीला निघणारे ट्रक. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या. राज्यातला सर्वांत कमी आकडा आमचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अशा जिल्ह्यात बसून आगपेटी, रीळ आणि रबराच्या चाकांवर लिहायचे म्हणजे आधी कारण सांगायला हवे.

कारण असे, की मुलीच्या जन्माचा हक्क जन्मापाशी संपत नाही. ती जन्मली, जगली, अंगणवाडीत आली. मग पहिल्या सात-आठ वर्षांत तिच्या हातात काय येते? तिला काय उघडून पाहू देतात, काय मोडू देतात, कुठपर्यंत पळू देतात? पुढे तिला विहिरीवरच्या मोटारीचे बटण दाबायची भीती वाटते, सायकल 'पोरांची' वाटते, पंचायतीत नळयोजनेचा नकाशा समोर आला की ती पदर सावरून मागे सरकते. ही भीती तिच्या रक्तात नसते. ती शिकवलेली असते, आणि शिकवण्याची सुरुवात खेळापासून होते.

हलते ते त्याचे, बसते ते तिचे

आपल्या गावातली खेळणी एकदा डोळ्यांसमोर आणा. मुलाच्या हातात काय असते? काठीने पळवायचा जुना टायर. जाळीचा भोवरा. कडब्याच्या धाटाची सालपटे आणि आतला भेंड जोडून केलेली बैलगाडी. तुटक्या चपलेचे रबर गोल कापून चाके लावलेला डबा. पतंग, गलोल. यातली बहुतेक खेळणी फिरतात, पळतात, उडतात, आणि त्यांच्यामागे पोरगाही पळतो. पोळ्याला मातीचे बैल करणारे हातही बहुतेक त्याचेच.

मुलीच्या हातात काय असते? चुलबोळकी. चिंध्यांची बाहुली. गजगे, खडे. फेर धरायचा तो सणाला, झोका बांधायचा तो पंचमीला. बाकीचे दिवस तिच्या कडेवर खेळणे नसते, खरेखुरे भावंड असते. मुलगा टायर घेऊन वेशीबाहेर जातो, तेव्हा ती ओसरीवर बसून खोटी भाकरी थापते आणि एक डोळा पाळण्यावर ठेवते.

मी बाहुलीच्या विरोधात नाही. गजगे खेळणाऱ्या मुलीचे हात आणि डोळे किती तयार असतात ते ज्यांनी खेळून पाहिले त्यांना ठाऊक आहे. भातुकलीत मोजमाप असते, गोष्ट रचणे असते, दुसऱ्याची काळजी घेणे असते. हे मुलग्यांनाही यायला हवे, आणि त्यांच्या हातून ते काढून घेतले जाते हाही अन्यायच आहे. पण दोन्ही खेळांतून शिकायला मिळते ते वेगळे. गाडीचे चाक अडले की मुलगा आसाची काडी बाहेर काढतो, घासतो, भोक मोठे करतो, परत घालतो. वस्तू बिघडते आणि आपण ती दुरुस्त करू शकतो, हे तो कोणी न शिकवता शिकतो. त्याला त्या वेळी हातोडी, खिळा, पकड, ब्लेड लागते आणि घरातले कोणी हरकत घेत नाही. मुलीलाही धारेच्या वस्तू चालतातच की! विळी चालते, कातर चालते, सुई चालते, उद्या कोयताही चालणार आहे. चालत नाही ती पकड आणि करवत. म्हणजे प्रश्न हात कापण्याचा नाही, कोणते काम कोणाचे हे ठरवण्याचा आहे.

हे बदलता येते, आणि बदलले की काय होते याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो गरीब बाया सायकल शिकल्या. अक्षरांबरोबर सायकल कशाला, असे विचारणारे तिथेही होते. पण चाक हातात आल्यावर त्या बाया स्वतः बाजाराला जाऊ लागल्या, कोणाच्या सवडीची वाट पाहणे थांबले. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्याच्या कामातून खेड्यातल्या दलित बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पान्हा बाईच्या हातात आला तेव्हा गावाने आधी हसून घेतले, नंतर पाणी प्यायले. मोठ्या वयात हे शिकता येते हे खरेच. पण त्यासाठी आधी तीस वर्षांची भीती उतरवावी लागते. सहाव्या वर्षी ती चढूच दिली नाही तर?

तीन खेळणी, घरातल्याच वस्तूंची

शिबिरात किंवा बालवाडीत लगेच करता येतील अशी तीन खेळणी सांगते. तिन्ही हलणारी आहेत.

पहिले भिंगरी. सदऱ्याचे नव्हे, कोटाचे किंवा स्वेटरचे मोठे बटण घ्यावे. समोरासमोरच्या दोन भोकांतून दोन-अडीच हात लांबीचा मजबूत दोरा ओवून टोकांना गाठ मारावी. बटण मध्यावर ठेवून दोऱ्याची दोन टोके दोन हातांच्या बोटांत अडकवावीत, बटण गरगर फिरवून दोऱ्याला पीळ द्यावा. आता हात दूर ओढायचे, सैल सोडायचे, पुन्हा ओढायचे. पीळ उलगडताना बटण एका दिशेने फिरते. वेगामुळे ते थांबत नाही, दोऱ्याला उलटा पीळ बसतो, पुन्हा ओढले की दुसऱ्या दिशेने फिरते. 'सूं सूं' आवाज येतो. मुले बाटलीचे ठोकून चपटे केलेले झाकण वापरतात, पण त्याची कड कापते, म्हणून बटणच बरे. ही भिंगरी क्षुल्लक समजू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच तत्त्वावर कागद आणि दोऱ्याचे एक यंत्र जाहीर केले. त्यात रक्ताची बारीक नळी बसवून हाताने भिंगरीसारखे ओढले की मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत वेग येतो आणि दीड मिनिटात रक्तातला द्रव पेशींपासून वेगळा होतो. वीज लागत नाही. खर्च त्या वेळच्या हिशेबाने तेरा-चौदा रुपये. वीज नसलेल्या दवाखान्यांचा विचार करताना त्यांना पोरांचे खेळणे आठवले. ज्या मुलीने भिंगरी फिरवलीच नाही तिला ते कसे आठवणार?

दुसरे पळणारे रीळ. ज्या गावात शिवणक्लास आहे तिथे रिकाम्या रिळांना तोटा नाही. रिळाच्या भोकातून एक रबरबँड ओवावा. एका बाजूला रबराच्या फासात आगकाडीचा छोटा तुकडा अडकवून चिकटपट्टीने रिळाला पक्का करावा, म्हणजे तो फिरणार नाही. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची पातळ चकती कापून, तिच्या मधल्या भोकातून रबर बाहेर काढून त्यात खराट्याची एक लांब काडी अडकवावी. काडीचे एक टोक रिळाच्या बरेच बाहेर गेले पाहिजे. काडी वीस-पंचवीस वेळा फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि रीळ जमिनीवर ठेवायचे. काडी जमिनीला टेकून अडते, रबर उलगडते, आणि रीळ सावकाश पुढे चालू लागते. मेणाची चकती नसेल तर काडी रिळाला घासून अडकते किंवा पीळ एकदम सुटतो. चकती का लागते हे सांगू नका. एकदा चकतीशिवाय करू द्या, मुलीच सांगतील. रीळ चढावर चढते का, फरशीवर घसरते तर कडेला काय गुंडाळावे, हे प्रश्न आपोआप निघतात.

तिसरे चढणारी मुलगी. जाड पुठ्ठ्यावर हात वर केलेल्या मुलीचे चित्र काढून कापावे. पाठीमागे संपलेल्या रिफिलचे दोन इंचाचे दोन तुकडे चिकटपट्टीने लावावेत, छपरासारखे तिरपे, वर जवळ आणि खाली लांब. दोरा मध्यावर खिळ्याला अडकवून त्याची दोन टोके दोन तुकड्यांतून खाली काढावीत आणि टोकांना मणी किंवा गाठ बांधावी. दोन्ही टोके ताणून धरून एकदा डावे, एकदा उजवे ओढले की पुठ्ठ्याची मुलगी वर चढत जाते. दोरा सैल सोडला की सरकत खाली येते. तिरप्या नळीत ताणलेला दोरा घट्ट धरला जातो आणि दुसऱ्या बाजूचा सरकतो, एवढेच त्यातले गुपित. बाजारात याच जातीचे खेळणे मिळते त्यात बहुधा माकड किंवा विदूषक असतो. आपण मुलगी चढवावी. कुठे चढते ते मुलींनाच विचारावे: झाडावर, पाण्याच्या टाकीवर, की पवनचक्कीवर? बालाघाटच्या माथ्यावर आता मोठाल्या पवनचक्क्या फिरतात. कागदाचे भिरभिरे बाभळीच्या काट्याने धाटाला टोचून पळणाऱ्या पोरीला त्या पात्यांचे तिरपेपण लगेच कळते. त्या पवनचक्कीवर कामाला कोण चढते, हा प्रश्न तिच्यासमोर ठेवायला हरकत नाही.

एक सावधगिरी. तीन वर्षांखालच्या बाळांच्या हाती बटण, मणी, रबरबँड देऊ नये. आणि सगळे आपणच कापून, चिकटवून तयार हातात द्यायचे नाही. वाकडे झाले तरी त्यांचे त्यांना करू द्यावे.

हे आपल्याकडचेच आहे

खेळण्यांतून शिक्षण ही शहरातून आलेली नवी टूम आहे, असे कोणी म्हटले तर त्यांना कोसबाडची आठवण द्यावी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, मातीची भांडी यांतून साधने उभी केली. शाळेत मुले येत नाहीत तर बालवाडी वस्तीच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच.

मला त्यांच्या कामातला आणखी एक भाग अधिक मोलाचा वाटतो. मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर भावंड आहे, हे त्यांनी पाहिले आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एका जागी आणली. विकासवाडी म्हणतात ती हीच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे आधी मुलीचा वेळ मोकळा केला, मग साधन दिले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे अरविंद गुप्ता यांनी हेच सूत्र विज्ञानाला लावले. आय.आय.टी. कानपूरला शिकलेला हा इंजिनिअर पुण्याच्या मोटार कारखान्यातून रजा काढून १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथल्या आठवडी बाजारातल्या वस्तू, सायकलची व्हॉल्वट्यूब आणि आगकाड्या घेऊन त्यांनी मुलांसाठी सांगाडे जोडायचा खेळ तयार केला. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी विदुला म्हैसकर, अशोक रूपनेर अशा सहकाऱ्यांबरोबर शेकडो खेळणी केली. त्यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या सुदर्शन खन्ना यांनी तर जत्रेत खेळणी विकत फिरणाऱ्या कारागिरांकडून हलती खेळणी गोळा करून त्यांच्या कृती नोंदवल्या. हे ज्ञान मुळात भटक्या विक्रेत्यांचे, सुतारांचे, कुंभारांचे, गुराख्यांचे. त्यांचे नाव पुस्तकावर सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगायचे.

'शून्य खर्च' कोणाचा?

आता थोडे कडू बोलते. 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्द सरकारला फार आवडतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात खेळातून शिकण्यावर भर आहे, २०२२ मध्ये खेळण्यांच्या आधारे शिकवण्याची पुस्तिका निघाली, २०२३ पासून 'पोषण भी, पढाई भी' म्हणत अंगणवाडीत घरगुती वस्तूंची खेळणी करायचे प्रशिक्षण चालू झाले. उद्देशाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते 'शून्य खर्च' या शब्दाशी.

रिकामी आगपेटी फुकट असते. ती गोळा करणारीचा वेळ फुकट असतो का? अंगणवाडीची सेविका सकाळी आहार पाहते, वजने घेते, नोंदवह्या भरते, मोबाइलवर माहिती चढवते, गरोदर बायांच्या घरी जाते, सांगितले की सर्वेक्षणाला जाते. मग रात्री घरी, स्वयंपाक आवरल्यावर पुठ्ठे कापत बसते. चिकटपट्टी, गोंद, रंग तिच्याच पैशातून येतात. तिला मिळते ते मानधन, वेतन नव्हे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या, त्या खेळणी नकोत म्हणून नव्हे.

बाई करते ते काम 'प्रेमाने' करते, म्हणून त्याला दाम नाही, हे गणित आपल्याला घरातून ओळखीचे आहे. घरकाम, बाळंतपण, म्हाताऱ्यांची सेवा, आणि आता खेळणी. खेळणी चांगली आहेत म्हणूनच ती करण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरला पाहिजे. आठवड्यातून अर्धा दिवस साधने करायला, वर्षाला सामानासाठी हिशेब न मागता हातात देण्याजोगी रक्कम, आणि नोंदवह्यांचे ओझे कमी. एवढे नसेल तर 'शून्य खर्च' म्हणजे बाईच्या खिशातला खर्च.

हीच गोष्ट आईची. मूल मोबाइलला चिकटले की दोष आईला. पहाटे पाचला उठून रानात जाणाऱ्या आणि दिवस मावळल्यावर परतणाऱ्या बाईने रात्री मुलाबरोबर भिंगरी करायची, असे सांगणारे आपण कोण? बापाला दोन हात असतात. रीळ, काडी, रबर त्याच्यासमोरही ठेवता येते. पालकसभेला फक्त बाया बोलावण्याची पद्धत आधी मोडू या.

कचरा कोणाच्या पोराला?

आणखी एक आक्षेप आपल्यातल्याच काही जणींचा, आणि तो गंभीर आहे. शहरातल्या श्रीमंताच्या पोराला चकचकीत खेळणे आणि आमच्या पोराला कचरा का? ज्या जातींना पिढ्यान्‌पिढ्या गावाचे टाकलेले उचलायला लावले, त्यांच्या लेकरांच्या हाती पुन्हा टाकाऊच द्यायचे, आणि वर त्याला कल्पकता म्हणायचे?

याला टाळून पुढे जाता येणार नाही. माझे म्हणणे असे. एक तर उकिरड्यावरचे काही घ्यायचे नाही. आपल्याच घरातले, वापरून उरलेले, धुतलेले घ्यायचे. शब्दही बदलू या, 'टाकाऊ' नको, 'घरचे सामान' म्हणू या. दुसरे, हे खेळणे विकतच्या खेळण्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. अंगणवाडीत चेंडू, ठोकळे, चित्रांची पुस्तके, घसरगुंडी हे सरकारने द्यायलाच हवे. १९८९ च्या बालहक्क संहितेतले एकतिसावे कलम खेळाचा हक्क सांगते, भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली. हक्काची वस्तू मागायची आणि हाताने करायचीही. तिसरे, गरिबांची मुले पुठ्ठ्याची गाडी करतात आणि श्रीमंतांची विकत घेतात असे असेल तर तो भेद आहे. पण सगळ्यांची मुले मिळून करत असतील, तर गाडी कशी चालते हे कळण्यात कमीपणा काही नाही. कमीपणा कोणी हातात काय धरले यात नसतो, दुसरे काही धरू दिले नाही यात असतो.

कोपीवरची ताई

शेवटी सर्वांत अवघड जागेपाशी येते. आमच्या गावांतली कितीतरी मुले वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतातच. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात उसाच्या पाचटाची कोपी. आई पहाटे फडात जाते. मागे राहते ती आठ-दहा वर्षांची ताई. पाणी, चूल, धाकट्याला सांभाळणे हे तिचे. तिथे मुलगे टायर पळवतात, उसाच्या कांड्यांच्या गाड्या करतात. ताई पाहते.

हंगामी वसतिगृहे आहेत, साखरशाळांचे प्रयोग होऊन गेले. पण मुलीला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत, कारण तिच्या सुरक्षिततेची खात्री कोणी देत नाही. मग एक तर तिला बरोबर न्यायचे, नाहीतर लवकर उजवून टाकायचे. कारखान्यात तीसहून अधिक बाया कामाला असतील तर पाळणाघर हवे, असे १९४८ चा कारखाना कायदा म्हणत असे. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या पटावर नसते, ती मुकादमाची. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, बाळ मात्र कोणाचेच नाही.

इथे नुसती भिंगरी देऊन काय होणार? काहीच नाही. तिचे हात आधी मोकळे व्हायला हवेत. म्हणून खेळण्यांची मागणी आणि पाळणाघराची मागणी वेगळी नाही. प्रत्येक कारखान्याच्या तळावर पाळणाघर, तिथे पगारी बाई, आणि त्या पाळणाघरात खेळण्याचे सामान. हे झाले तर ताई दिवसातले दोन तास मूल खाली ठेवून हातात रीळ घेऊ शकेल.

आपण काय करायचे?

मैत्रिणींनो, येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने पुढची कामे करून पाहावीत असे सुचवते.

पुढच्या शिबिरात बायांबरोबर आलेल्या मुलांना कोपऱ्यात बसवून ठेवू नका. एक तास खेळणी करण्याचा ठेवा. तो तास बायांनीही करावा, कारण त्यांनाही कोणी पकड धरू दिलेली नाही. मुलींना गाडी आणि मुलग्यांना बाहुली, अशी उलटी सक्तीही नको. सामान मध्ये ठेवा, आणि कोण काय उचलते, कोण कोणाच्या हातून काय काढून घेते, ते पाहा. त्यावर नंतर बोलायला भरपूर मिळेल.

शिवणक्लासमधली रीळे, संपलेली रिफिले, बटणे एका पिशवीत जमवा. सामान जमवण्याची जबाबदारी एकट्या सेविकेवर टाकू नका.

ग्रामसभेत ठराव मांडा: अंगणवाडीच्या सामानासाठी पंचायतीच्या निधीतून तरतूद, आणि साधने करण्याचा वेळ कामाच्या वेळेत.

दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, गावातून कोणत्या कारखान्याला किती कोयते जातात आणि बरोबर किती मुले-मुली जातात याची यादी करा. त्या कारखान्यांच्या व्यवस्थापनाला आणि साखर आयुक्तांना पाळणाघराच्या मागणीचे पत्र पाठवा. पत्रावर शंभर अंगठे असले तरी चालतील, पण मुलींची संख्या आकड्यात लिहा.

आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पिशवीत एक भिंगरी द्या, तिने स्वतः केलेली. तुटली तर तिला ती पुन्हा करता आली पाहिजे. काय झाले, काय जमले नाही, कोणी हरकत घेतली, ते पुढच्या अंकासाठी लिहून कळवा. लिहिता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून लिहून घ्या.